‘येतो’ म्हणणारे पाहुणे

पोलादपूर
२७ ऑक्टोबर २००६

सईदभाई,

सलाम, आणि दोन दिवस उशिरा ईद मुबारक.

फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर ‘आवाज येत नाय’ म्हणून ठेवतोस. कुवेतहून महाडच्या अर्शदला स्वच्छ ऐकू येतं, फक्त तुझ्या बहिणीचाच आवाज वाटेत अडतो. म्हणून हे पत्र. ते न वाचता फेकायचं असलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, एवढं मला पुरेसं आहे.

अर्शद ईदला आला, दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला आणि मग तुझा निरोप सांगितला. चुलतभाऊ असून त्याला इतकं अवघडल्यासारखं झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तू मे महिन्यात येणार. वरच्या चारही खोल्या एका सिमेंटवाल्याला गोदामासाठी देणार. खालच्या दोन खोल्यांत मी राहायचं आणि डोक्यावर पोती. तुझं म्हणणं त्याने तुझ्याच चालीवर म्हणून दाखवलं: “अनोळखी मानसं घरात झोपवते. अब्बांच्या घराची सराय केली तिनं.”

घर तुझ्या नावावर आहे. वरचा मजला तुझ्या कमाईतून उभा राहिला, हे मी कधी नाकारलं नाही. पण खोल्या कशा उघडल्या ते तू दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलंस, आता माझ्याकडून ऐक.

अब्बा गेले तेव्हा तू स्वतः वर जाऊन कुलपं लावलीस आणि किल्ल्या माझ्या ओंजळीत ठेवल्यास. दोन वर्षं मी त्या नुसत्या सांभाळल्या. मग पुराच्या वर्षी दासगावहून खालामाँच्या घरची माणसं आली, एकोणीस. त्यांना काय ओसरीवर झोपवू? पाच आठवडे ती वर राहिली. ती गेल्यावर झाडलोट करून मी कुलूप हातात घेतलं, आणि भाई, ते मला लावता आलं नाही. वर पाच आठवडे पोरं रडली, हसली, भांडली होती. त्या खोल्या मला पुन्हा गप्प करवेनात. पुढच्याच महिन्यात आंबेनळी घाटात गाडी बंद पडलेलं एक कुटुंब दारात उभं राहिलं. त्यांना ठेवून घेतलं. सकाळी निघताना त्यांनी विचारलं, या जागेचं नाव काय? मी म्हटलं, नाव नाही. आता आहे. ‘घाटपायथा निवास’.

तर माझं मागणं एवढंच. मेपर्यंत सिमेंटवाल्याला शब्द देऊ नकोस. तू येशील तेव्हा खोल्या चालत्या पाहशील. त्या पाहूनही तुला सराय वाटली, तर मी स्वतः कुलपं लावीन, किल्ल्या तुझ्या ओंजळीत ठेवीन आणि परत शब्द काढणार नाही. मी शब्द मोडत नाही हे तुला माहीत आहे, लहानपणी या सवयीचा तुला बराच त्रास झालेला आहे.

आणि आणखी एक. मी घाटपायथ्याची वेबसाइट करते आहे. हस, मनसोक्त हस.

तुझी
महरू

पोलादपूर
१९ नोव्हेंबर २००६

सईदभाई,

सलाम. पत्र मिळाल्याचं तू कळवलं नाहीस. पण अर्शद म्हणाला, भाईने विचारलं की वेबसाइट म्हणजे नेमकं काय करते ती. म्हणजे मिळालं.

सांगते. आपल्या स्वयंपाकाला साळूबाई येतात, कुडपणच्या. त्यांची मुलगी किरण एसटी स्टँडसमोर कॉम्प्युटरचे क्लास घेते. चोवीस वर्षांची आहे, चष्मा लावते आणि कुणाचं ऐकत नाही, त्यामुळे आमचं लगेच जमलं. पंधरा दिवसांत तिने वेबसाइट उभी केली. गर्द निळ्या रंगावर ‘सुस्वागतम्’ ही अक्षरं डावीकडून उजवीकडे धावत होती. दोन हात एकसारखे जोडले जात होते नि सुटत होते. पान उघडलं की सनई वाजायची. खाली लिहिलेलं, ‘आपण एकेचाळिसावे पाहुणे आहात.’ त्यातले अडतीस वेळा मी आणि किरणच होतो. मी खूष. किरणला साडी घ्यायच्या विचारात होते.

मग मला वाटलं, ही परक्या माणसाच्या डोळ्यांनी बघावी. अर्शदबरोबर महाडला गेले, तिथल्या कॅफेत बसले. आधी सनई वाजली आणि सगळा कॅफे माझ्याकडे बघायला लागला. मग आपल्या घराचा फोटो वरून खाली उतरायला लागला. आधी कौलं आली. बऱ्याच वेळाने खिडक्या आल्या. मी चहा मागवला, प्यायले, कप परत गेला, तरी घराचं दार यायचं होतं. आणि मजकूर? मराठीचा पत्ता नाही. फुल्या, टिंबं, उलटेसुलटे आकडे, कुणी शिवी छापल्यासारखे. किरणची अक्षरं फक्त किरणच्या मशीनवर दिसत होती. फोन नंबर शोधला तर तो सगळ्यात खाली, पांढऱ्या पट्टीवर पिवळा.

परत येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. किरण दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीच तिच्या क्लासवर गेले. म्हटलं, बाई, कुडपणला तुझ्या दारात कुणी आलं तर तुझी आई त्याच्यासमोर सुस्वागतम् म्हणत धावते का? पाणी देते, आणि विचारते किती जण आहात, जेवलात का. तेवढंच करू.

मग आम्ही एक कागद घेतला आणि आतापर्यंत राहून गेलेल्या लोकांनी काय काय विचारलं होतं ते लिहून काढलं. गाडी लावायला जागा आहे का. गरम पाणी किती वाजता. संडास आत की बाहेर. जेवण काय. घाट अंधारात चढावा का. बस, तेच पान झालं. सनई गेली, हात गेले, धावणारी अक्षरं गेली. नवी अक्षरं कुठल्याही मशीनवर दिसतील अशी घातली. फोन नंबर सगळ्यात वर, काळा, मोठा. फोटो लहान केले, ते आता टचकन येतात.

फोटोंवरून थोडं वाजलं. किरणला जास्वंदीजवळून घर काढायचं होतं. मी म्हटलं, न्हाणीघर काढ. साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. पण आता किरणच सांगते की लोक सगळ्यात जास्त वेळ न्हाणीघराचाच फोटो बघतात. बायका लेकरांना घेऊन मुक्कामाला निघतात तेव्हा त्यांना डोंगर बघायचा नसतो, भाई. आत कडी आहे का ते बघायचं असतं.

तुझी
महरू

पोलादपूर
४ जानेवारी २००७

सईदभाई,

बकरी ईद मुबारक. अर्शदने तुला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. तो हे गावभर सांगतो आहे. खरं तेच सांगतो, फक्त साळूबाईंचा भाग गाळतो, म्हणून लिहायला बसले.

पानाच्या शेवटी पाहुण्यांनी आपण येणार असं कळवायचं एक बटण आहे. किरणने त्यावर लिहिलं होतं, ‘सादर करा’. ते वाचून मला तहसील कचेरीत दाखल्याचा अर्ज टाकल्यासारखं वाटलं. म्हटलं, इथे माणूस बोलतो तसा शब्द हवा. दारात उभा राहून येणारा माणूस काय म्हणेल? ‘येतो’ म्हणेल. झालं. बटणावर आलं, ‘येतो’. मला तो शब्द इतका आवडला की मी दिवसातून दोनदा नुसती बघायला क्लासवर जायचे.

त्यात मी आणखी एक शहाणपण केलं. लोकांना आधी नाव, गाव, पत्ता, फोन भरायला लावणं मला पटेना. अब्बांनी कधी कुणाला दारात थांबवून नाव विचारलं नाही. म्हणून सगळी सक्ती काढली. तारीख आणि माणसं आधीच भरलेली ठेवली, एकतीस डिसेंबर, दोन माणसं. ज्याला बदलायचं त्याने बदलावं. बटण दाबलं की किरणकडे मेल.

नाताळपासून मेल यायला लागल्या. रोज एक, कधी दोन. एकतीसपर्यंत अकरा झाल्या. बावीस माणसं. भाई, मी दासगावहून गाद्या आणल्या. अर्शदकडून दोन मोठी पातेली. साळूबाई पहाटे कुडपणहून तांदळाचं पीठ घेऊन उतरल्या, सोबत त्यांचे यजमान भागोजी, डोक्यावर कोंबड्यांचा झाप. मी दुपारपासून ओसरीवर उभी. पाच वाजता पुण्याचं एक जोडपं आलं. मग सहा वाजले, सात वाजले. दुसरं कुणी आलं नाही.

किरणने ज्यांचा पत्ता मेलवर होता त्यांना एकेक करून विचारलं. ठाण्याचे एक गृहस्थ बिचारे गोंधळून गेले. म्हणाले, आम्ही तर वेबसाइट नुसती पाहत होतो, फार छान वाटली, सगळं पाहून झालं, शेवटी ‘येतो’ लिहिलेलं होतं म्हणून दाबलं. किरण कपाळाला हात लावून बसली. तिला वाटलं लोक चेष्टा करतात. मला वाटलं माझंच काही चुकलं, पण काय ते कळेना. साळूबाई भाकऱ्या थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

“अगो ताय, मानूस निघताना काय बोलतो? जातो बोलतो काय? येतोच बोलतो. त्यानला बिचाऱ्यानला निघायचा व्हता.”

मी किती वेळ हसले ते विचारू नकोस. चोवीस वर्षांची कॉम्प्युटरवाली आणि एक्केचाळीस वर्षांची मी, दोघींना जे कळलं नाही ते चुलीजवळ बसलेल्या बाईला कळलं. लोक आपल्या घरून निरोप घेऊन निघत होते आणि आम्ही त्यांच्यासाठी कोंबड्या कापत होतो. जेवण वाया गेलं नाही, अर्शदने त्याच्या ट्रकांवरची माणसं बोलावली, त्यांनी पातेली पुसून खाल्ली. त्या पुण्याच्या जोडप्याला मात्र बावीस माणसांचा पाहुणचार मिळाला.

आता दोन बटणं आहेत. वर ‘खोली ठेवा’, त्यात नाव आणि फोन भरावाच लागतो, माझा हट्ट मी मागे घेतला. आणि अगदी शेवटी ‘येतो’ तसंच ठेवलं. ते दाबलं की एवढंच दिसतं: ‘या. घाट उतरताना उजव्या हाताला, चढताना डाव्या हाताला.’ किरण म्हणाली त्याचा उपयोग काय? मी म्हटलं, निघणाऱ्याला कुणी ‘या’ म्हणू नये काय?

तूही अब्बांच्या चाळिसाव्यानंतर ‘येतो’ म्हणूनच गेलास. चौथं वर्ष चालू आहे. मी काही कोंबड्या कापून ठेवलेल्या नाहीत, काळजी करू नकोस.

तुझी
महरू

पोलादपूर
१६ फेब्रुवारी २००७

सईदभाई,

सलाम. आज जरा रागात लिहिते आहे, पण राग तुझ्यावर नाही. बदल म्हणून.

मागच्या महिन्यात एक मोठं कुटुंब आलं, फोनवर ठरवून. सामान वर गेलं, भात चुलीवर चढला. त्यांतल्या आजोबांनी ओसरीवर बसल्या बसल्या माझं नाव विचारलं. मी सांगितलं. दहा मिनिटांत त्यांना आठवलं की महाबळेश्वरला अंधाराआधी पोहोचायलाच हवं. सामान खाली आलं. सून मान खाली घालून माझ्यासमोरून गेली, तिची मला दया आली. साळूबाईंनी भाताखालचा जाळ ओढला, त्याचा मला जास्त त्रास झाला.

मला वाईट वाटलं, भाई. ते लपवत नाही. पण त्या रात्रीच ठरवलं. दुसऱ्या दिवशी किरणला सांगितलं, माझं नाव सगळ्यात वर घाल, फोन नंबरच्याही वर. ‘हे घर महरुन्निसाचं आहे. शाकाहारी स्वयंपाक साळूबाई करतात, मांसाहारी मी करते, चुली वेगळ्या आहेत.’ किरण घाबरली. म्हणाली, ताई, निम्मे लोक पहिल्याच ओळीवर परत फिरतील. मी म्हटलं, फिरू देत. तिथून फिरले तर कुणाचा भात वाया जात नाही.

तू सुरुवातीला अर्शदकरवी सुचवलं होतंस की चालवायचीच असेल तर इंग्रजी नाव दे, आपलं नाव पुढे आणू नकोस. तुझ्या मनात माझी काळजी होती हे मला तेव्हाही कळलं होतं. पण आता ऐक. दोन आठवडे फोन खरोखर कमी झाले. किरण माझ्याकडे बघायची नाही. आणि मग वाईहून एका बाईंचा फोन आला. आनंदीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, आम्ही चौघी मैत्रिणी रायगड बघायला निघणार, सोबत पुरुष नाही, म्हणून मुक्काम कुठे करावा कळत नव्हतं, तुमचं नाव वाचलं आणि जीव भांड्यात पडला. मला क्षणभर कळेना. मग उमगलं. मी मुसलमानाचं नाव लिहिलं होतं, त्यांनी बाईचं नाव वाचलं.

त्या आल्या, दोन दिवस राहिल्या, माझ्या हातचे वडे शिकून गेल्या. त्यांच्यामागून सातारच्या नर्सबाई आल्या, मग कराडच्या मायलेकी. आता पानावर एक ओळ वाढली आहे, ‘एकट्यादुकट्या बायकांनी बिनधास्त यावं.’ फोन पूर्वीपेक्षा जास्त येतात, आणि येतात ते सगळं वाचून येतात.

आता एक गंमत. वेबसाइट कुठल्या गावाहून, कुठल्या देशातून पाहिली गेली ते किरणला मशीनवर दिसतं. देशाचा झेंडाच येतो समोर. पुणे, मुंबई, सातारा असं सगळं चालू असताना तिने मला विचारलं, ताई, कुवेतला आपलं कोण बघतं हो? दर शुक्रवारी, आपल्या साडेचारच्या सुमाराला. म्हणजे तिथे दोन. म्हणजे जुम्म्याची नमाज होऊन जेवण झाल्यावर.

कुवेतमध्ये कोकणी माणसं पुष्कळ आहेत. मी कुणाचं नाव घेत नाही. तो माणूस कुठलं पान उघडतो आणि त्यावर किती वेळ बसतो, हेही किरणने सांगितलं. ते मी तुला इतक्यात सांगणार नाही, त्याला कारण आहे.

आज शुक्रवार आहे.

तुझी
महरू

पोलादपूर
८ एप्रिल २००७

सईदभाई,

सलाम. एप्रिलचे सगळे शनिवार-रविवार भरले. मेचे अर्धे. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं छप्पर शाकारून घेतलं, भागोजींनी कुडपणहून माणसं आणली. माझी तब्येत उत्तम. एवढं झाल्यावर आता जे लिहायचं आहे ते लिहिते. तीन वेळा सुरू करून फाडलं आहे.

कुवेतचा तो माणूस दर वेळी एकच पान उघडतो. ‘आमच्याबद्दल’. त्यामुळे त्यावर काय आहे ते तुला माहीत आहे. तरी मी माझ्या तोंडाने कबूल करायला हवं.

त्यावर आपला फोटो आहे, तू कुवेतला पहिल्यांदा जायच्या आदल्या दिवशी ओसरीवर काढलेला. आणि खाली लिहिलं आहे, ‘सईद आणि महरुन्निसा, भाऊ-बहीण, हे घर मिळून चालवतात.’

खोटं आहे. तू चालवत नाहीस, तू बंद करायला निघाला आहेस. तुला न विचारता तुझं नाव घातलं. पाहुणे विचारतात भाऊ कुठे असतात, तेव्हा मी सांगते, परदेशी आहेत, पण सगळी व्यवस्था त्यांचीच. गरम पाण्याच्या बंबाची कल्पनासुद्धा मी तुझ्यावर ढकलली आहे. लोक तुला दुवा देतात.

हे भीतीने केलं असं समजू नकोस. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, अब्बांनंतर मी एकटी राहते, मला कुणाची भीती वाटत नाही. किरणने विचारलं, घर कोणाचं, कोण चालवतं, चार ओळी द्या. मी लिहायला बसले. आधी फक्त माझं नाव लिहिलं आणि ते मला वाचवेना. हे घर तुझ्याशिवाय लिहिता येत नाही, भाई. तू बोलत नाहीस, रागावतोस, सिमेंटवाल्याशी बोलणी करतोस, तरी लिहिता येत नाही. मला तुझी फार आठवण येते. हे एक वाक्य लिहायला मला सहा महिने न्हाणीघरं आणि बटणं यांच्याबद्दल लिहावं लागलं.

नाव काढायचं असेल तर किरणला एक मिनिट लागेल. पण निरोप अर्शदकडे द्यायचा नाही. मला सांगायचं, तू, स्वतः.

तुझी
महरू

पोलादपूर
१२ मे २००७, सकाळ

सईदभाई,

हे पत्र टपालात टाकत नाही. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, तुझ्या टेबलावर ठेवते आहे.

तू आलास त्याला आज तिसरा दिवस. साळूबाईंशी बोललास, भागोजींबरोबर बसून कुडपणच्या पाण्याची चौकशी केलीस, किरणला विचारलंस की मशीनला किती वीज लागते. माझ्याशी मात्र ‘पाणी गरम हाय काय’ एवढंच, तेही साळूबाईंमार्फत. चारही खोल्यांत जाऊन आलास. गाद्या हाताने दाबून बघितल्यास. न्हाणीघराची कडी तीनदा लावून बघितलीस. मी जिन्याखाली उभी होते, मोजत होते.

काल सिमेंटवाल्याचा माणूस कागद देऊन गेला. तुझ्या टेबलावरच आहे, मी उघडून पाहिला नाही. तो आज संध्याकाळी सही न्यायला येणार असं अर्शद म्हणाला.

मी जो शब्द दिला तो दिला. किल्ल्या या पाकिटातच आहेत, चारही. पण एक गोष्ट तुला करावी लागेल. आज चारच्या सुमाराला आनंदीबाई येणार आहेत, वाईहून, तिघी मैत्रिणींना घेऊन, चार महिन्यांत दुसऱ्यांदा. मला महाडच्या बाजाराला जावं लागतंय, साळूबाईंना सोबत नेते, किरणच्या क्लासला परीक्षा आहे. घरात तू एकटाच असशील. सही करणार असलास तर त्या चौघींना दारातून परत तूच पाठव. ते मला जमणार नाही. नसशील करणार, तर त्यांना पाणी दे.

मी रागाने लिहीत नाही. तुझा निर्णय मी मानीन. फक्त तो तुझ्या तोंडून त्यांनी ऐकावा आणि नंतर मी.

महरू

त्याच दिवशी, दिवेलागणीला

भाई, तुझ्या खोलीत आले होते. सकाळचं पाकीट मी ठेवलं तिथेच आहे, चिकटवलेलं. तू ते फोडलंच नाहीस. मीच आता फोडलं, आणि त्याच कागदावर खाली लिहिते आहे.

महाडहून यायला मला उशीर झाला. साळूबाई मागच्या दाराने सरळ चुलीकडे गेल्या, मी पुढून आले. ओसरीवर चार जोडी चपला होत्या, रांगेत लावलेल्या, जशा आनंदीबाई स्वतः कधी लावणार नाहीत. त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. मला बघून हसल्या. म्हणाल्या, अहो, तुमचे भाऊ रस्त्यावर फाट्यापर्यंत आले होते आम्हाला घ्यायला, मागच्या वेळी आमची गाडी तिथून पुढे गेली होती ना, हे त्यांना कुणी सांगितलं? मी म्हटलं, मी नाही, साळूबाईंनी सांगितलं असेल, तुम्ही येणार हेही. मग म्हणाल्या, आम्ही तुमची चौकशी केली, तर ते म्हणाले,

“मालकीणबाई बाजाराला गेल्यात, येतील इतक्यात. तवर मी हाय.”

मला त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं, काय म्हणाले म्हणून. त्यांनी पुन्हा सांगितलं.

त्यानंतर मी वर आले. सिमेंटवाल्याचा कागद टेबलावर पालथा पडला आहे. सहीची जागा कोरी आहे. मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात लिहिलंय: चार चहा, आनंदीबाईंचा बिनसाखरेचा. जेवण शाकाहारी तीन, मांसाहारी एक. सकाळी सहाला दोन बादल्या गरम. रायगडला जीप, अर्शदला सांगणे.

बिनसाखरेचा चहा आनंदीबाईंचा नाही, भाई, त्यांच्या मैत्रिणीचा. ते तू उलटं लिहिलंस. आणि खालून आवाज येतोय त्यावरून तू चहा नको त्या पातेल्यात टाकला आहेस, ते साळूबाईंच्या दुधाचं आहे, त्या आत्ता तुला बोलतील.

पत्रं पुरे झाली. मी खाली येते, आता तोंडाने बोलू.

महरू